वाइन किती मुरेल हे तोंडात कसं कळतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की 2016 साली लग्न झालं, त्याच सालची एक ओ-मेडोकची (फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन) बाटली भावानं फ्रान्सहून आणून दिली, ती लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला म्हणजे 2041 ला उघडायची इच्छा आहे, शिवाय घरात नाशिकची एक 2021 ची रिझर्व्ह शिराझ (लाल) आणि एक सोव्हिनॉन ब्लाँ (पांढरी) पडून आहे, तर यातली कुठली किती टिकेल. आणि वर असं की लोक वाइनच्या वर्णनात ते ब्लॅककरंट, सीडर (देवदारासारखं लाकूड), सिगार बॉक्स वगैरे लिहितात ते तुम्हाला कधीच लागत नाही, तर तुमच्या जिभेत काही खोट आहे का.

जिभेत काही खोट नाहीये. आणि हे दोन प्रश्न वेगळे वाटतात पण माझ्या मते त्यांचं उत्तर एकाच जागी आहे. घोट तोंडात घेतल्यावर वासांची नावं शोधत बसायच्या आधी वाइनचा सांगाडा बघायचा, आंबट किती, तुरट किती, फळ किती, गिळल्यावर किती वेळ तोंडात राहते. वर्णन तिथून सुरू होतं आणि ती किती वर्षं काढेल तेही तिथंच कळतं. सिगार बॉक्सवरून नाही कळत.

मी या धंद्यात आलो तो नाशिकच्या एका सेलरमध्ये, म्हणजे वाइन बनवतात-मुरवतात तिथं, टाक्या धुवायच्या कामावर, सीझनला जानेवारी ते मार्च सकाळी सहाला द्राक्षं यायची आणि रात्री दहाला पाइप गुंडाळून घरी. नंतर मुंबईला हॉटेलात लागलो आणि वाइनच्या परीक्षा द्यायला सुरुवात केली. पहिल्याच टेस्टिंगला कॅबर्ने (त्या नावाच्या द्राक्षाची लाल वाइन) समोर आली आणि मी पाठ केल्याप्रमाणे लिहिलं, ब्लॅककरंट, सीडर. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ब्लॅककरंट कधी खाल्लंयस? मी म्हटलं हो, आपल्या वाण्याकडे मिळतात की. वाण्याकडे ब्लॅक करंट म्हणून जे मिळतं ते काळे मनुके हो, वाळवलेली द्राक्षंच. ब्लॅककरंट हे युरोपातल्या झुडपाचं वेगळंच फळ, मी ते जन्मात बघितलेलं नव्हतं. तसंच सोव्हिनॉन ब्लाँच्या वर्णनात हमखास गूझबेरी असते आणि आपली मंडळी त्यात आवळा शोधतात कारण इंग्रजी पुस्तकात आवळ्याला इंडियन गूझबेरी म्हटलेलं असतं. दोन फळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी स्वतः वर्षभर आवळा शोधलाय, सापडला नाही.

मग बाई म्हणाल्या की तुला काय आठवतंय ते सांग ना. मी पुन्हा वास घेतला आणि तोंडातून निघालं, जांभूळ. आजही मी कॅबर्नेला जांभूळच म्हणतो आणि मला वाटतं ते ब्लॅककरंटपेक्षा जास्त अचूक आहे, कारण जांभळात गोड आंबट आणि तुरट तिन्ही एकदम आहे, पिकलेलं आणि अर्धकच्चं यातला फरक आपल्याला लहानपणापासून जिभेवर माहितीय, जीभ कोरडी होऊन टाळ्याला चिकटते ती कशी ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. "पिकलेलं जांभूळ, बी चावल्यासारखा शेवटी किंचित कडवटपणा" असं लिहिलं तर कुठल्याही मराठी माणसाला वाइन समोर दिसते.

त्यामुळे तुमची स्वतःची यादी करा. आता तो जो प्रसिद्ध अरोमा व्हील आहे ना, वाइनच्या वासांची नावं मांडलेला गोल तक्ता, तो कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ॲन नोबल यांनी 1984 च्या सुमारास केला, उत्तम काम आहे, पण तो तिकडच्या स्वयंपाकघरातून निघालाय. आपल्याकडे करवंद आहे, पेरू आहे, कैरी आहे, आमसूल, खारीक, काकवी, तमालपत्र, जायफळ सगळं आहे. सोव्हिनॉन ब्लाँमध्ये कच्चा पेरू आणि कापलेली कैरी जवळजवळ नेहमी सापडते. कॅबर्ने नीट पिकली नसेल तर ढोबळी मिरची चिरल्यावर जो हिरवा वास येतो अगदी तो येतो, आणि ही उपमा सुद्धा नाही, पायराझिन नावाचं जे द्रव्य मिरचीत असतं तेच द्राक्षात असतं. शिराझमध्ये काळी मिरी येते तेही तसंच, रोटंडोन नावाचं द्रव्य, मिरीत असतं तेच. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधलं आणि गंमत अशी निघाली की साधारण पाचातल्या एका माणसाला ते येतच नाही, कितीही घाला. म्हणजे टेबलावर चौघं मिरी मिरी म्हणतायत आणि पाचवा गप्प आहे तर तो अडाणी नाही, त्याच्या नाकात तेवढी एक जागा रिकामी आहे.

मुरलेल्या वाइनचे वास वेगळे असतात. बोर्दोची पंधरावीस वर्षांची बाटली उघडली की नव्या कोल्हापुरी चपलेचं चामडं, तंबाखूची पुडी उघडल्यावरचा वास, चंदनाची सहाण, पहिल्या पावसानंतरची माती. जुन्या रिसलिंगला (ही एक पांढरी वाइन) चक्क रॉकेलचा वास येतो, स्टोव्ह भरताना यायचा तो, आणि तो दोष नाही, लोक त्यासाठी पैसे मोजतात. गोठ्याचा वास आला तर ते ब्रेट नावाच्या यीस्टचं काम, थोडा असेल तर काहींना आवडतो मला नाही. आणि ओलं गोणपाट कोपऱ्यात कुजल्यासारखा वास आला तर बूच खराब आहे, ती वाइन कितीही महाग असो ग्लासात हलवून सुधारत नाही, हॉटेलात असाल तर बिनधास्त परत करा.

वासांबद्दल एवढंच, आणि एक इशारा. बोर्दोमध्ये एक प्रयोग झाला होता, 2001 मध्ये छापून आला, वाइनचंच शिक्षण घेणारे 54 विद्यार्थी, त्यांना पांढरी वाइन लाल रंग टाकून दिली (रंगाला वास नव्हता) तर त्यांनी तिला लाल वाइनचे शब्द लावले, लाल फळं काळी फळं वगैरे. डोळे नाकाला असं फसवतात. म्हणून मी वासांच्या यादीवर फार विसंबत नाही, माझ्या स्वतःच्याही. आंबट आणि तुरट मात्र हिरड्या न् गाल सांगतात, तिथं एवढं फसायला होत नाही.

आता सांगाडा. तुरटपणा म्हणजे टॅनिन, ते द्राक्षाच्या सालीत, बियांत, देठात असतं, आणि ते ओळखायला वाइन लागत नाही. उद्या सकाळी दोन कप कोरा चहा करा, एक तीन मिनिटांत गाळा आणि दुसरा पंधरा मिनिटं तसाच ठेवा, दूध साखर काही नको. दुसरा कप पिल्यावर हिरड्यांवर ओठांच्या आतून जे कोरडं खरखरीत लागतं, जीभ फिरवली तर घसरत नाही, ते टॅनिन. ते मोजायचं नाही फक्त, त्याचा पोत बघायचा. कधी ते कच्च्या सुपारीसारखं ओबडधोबड असतं, कधी धुतलेल्या मांजरपाटासारखं, कधी मखमलीसारखं. कच्ची सुपारी आणि वर फळही नाही अशी वाइन विसाव्या वर्षी सुद्धा कच्ची सुपारीच राहते, याच्यावर पुढे येतोच.

आंबटपणा जबड्याच्या मागच्या बाजूला कळतो, गिळल्यानंतर तोंड किंचित खाली करून थांबा, लाळ किती सुटते बघा. चिंच डोळ्यासमोर आणली तरी सुटते ती जागा. अल्कोहोल घशात ऊब म्हणून कळतं. गोडवा जिभेच्या शेंड्यावर कळतो हे आपल्याला शाळेत शिकवलं ते चूक होतं, सगळ्या जिभेवर कळतो, पण पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदूला गोड वाटतं आणि लोक कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या वाइनला गोड म्हणतात, तर नाक दाबून एक घोट घ्या, खरं काय ते लगेच समजतं.

पद्धत म्हणाल तर ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. तरुण लाल वाइनची कड जांभळट असते, मुरत गेली की विटकरी होते, आणि पांढरी उलटी, ती वयाबरोबर गडद सोनेरी होत जाते. ग्लासाच्या आतून जे ओघळ उतरतात त्याला लोक फार महत्त्व देतात, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही, अल्कोहोल उडून जाताना पृष्ठताण बदलतो म्हणून ते होतं, जेम्स थॉमसन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 1855 साली ते समजावून सांगितलंय. (आणि त्याच 1855 मध्ये बोर्दोच्या शातोंची, म्हणजे तिथल्या वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, ती सुप्रसिद्ध पाच पायऱ्यांची वर्गवारी झाली, योगायोग.) मग हलवायच्या आधी एक वास, हलवून एक वास, छोटा घोट, तोंडात थोडी हवा ओढून सगळीकडे फिरवायचा आणि थुंकायचा. हो थुंकायचा. आमच्या आईला मी काय काम करतो ते कळलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे पगार पिकदाणीत थुंकायचा आहे होय. चाळीस वाइन चाखायच्या असतील तर दुसरा इलाज नाही. घरी एक बाटली असेल तर अर्थात गिळा.

आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मोजायला सुरुवात करा, मनात एक दोन तीन. फळाची चव किती सेकंद राहते, नुसतं आंबट किंवा नुसतं तुरट राहिलं ते धरायचं नाही. फ्रेंच लोकांनी याला एककच ठेवलंय, कोदाली, एक कोदाली म्हणजे एक सेकंद. रोजच्या वाइनला तीन-चार सेकंदात विषय संपतो. दहा-बारा गेली की मी सावरून बसतो. माझ्या वहीत वासांपेक्षा हा आकडा आधी असतो.

आता टिकण्याकडे येऊ. आपल्याकडे व्हिस्कीवरून डोक्यात बसलंय की जितकी जुनी तितकी भारी. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत गेली की तिचं वय थांबतं. वाइन बाटलीतही बदलत राहते, पण बदलणं म्हणजे सुधारणं असं नाही, आणि जगात बनणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षात पिण्यासाठीच बनवलेली असते. मी नेहमी लोणच्याचं उदाहरण देतो. कैरीचा तक्कू केला तर तो त्याच दिवशी खायचा, चार दिवसांनी त्यात काही राम राहत नाही, आणि त्यात तक्कूचा काही कमीपणा नाही, तो तसाच करायचा पदार्थ आहे. लिंबाचं लोणचं मात्र आजी बरणीत ठेवून विसरून जायची, ते काळं पडायचं आणि पाच वर्षांनी आजारी माणसाला चिमूटभर द्यायचे. का टिकलं तर मीठ आंबट दोन्ही भरपूर आणि मुळात लिंबं चांगली. नासकं लिंबू घालून कितीही वर्षं ठेवा, मुरलेलं नासकं लिंबूच मिळणार.

वाइनच्या बरणीत मीठ नसतं, तिथं आंबटपणा, टॅनिन, साखर आणि काही प्रकारांत वरून घातलेलं अल्कोहोल ही कामं करतात. बाटलीत वर्षानुवर्षं काय होतं तर टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरतात, मोठे रेणू होतात, त्यातले काही जड होऊन गाळ म्हणून खाली बसतात, म्हणून जुन्या वाइनचा रंग उतरतो आणि तुरटपणाचा पोत मऊ होतो. आंबटपणा जवळजवळ तिथंच राहतो. आणि ताजं फळ हळूहळू कमी होत जातं, त्याच्या जागी ते चामडं तंबाखू खारीक येतं. म्हणजे ही शर्यत आहे बघा, टॅनिन मऊ व्हायच्या आत फळ संपलं तर तुमच्या हातात कोरडी काडी उरते. बोर्दोचं 1975 साल यासाठी बदनाम आहे, भयंकर टॅनिक वाइन, लोकांनी मोठ्या अपेक्षेनं ठेवल्या आणि बऱ्याचशा बाटल्यांत टॅनिन हटलंच नाही, फळच आधी निघून गेलं. उलट 1982 च्या वाइन तरुणपणीच इतक्या पिकलेल्या न् मऊ होत्या की काही जाणकार म्हणाले या टिकणार नाहीत, आणि त्यातल्या मोठ्या शातोंच्या बाटल्या चाळीस वर्षांनंतरही मजेत आहेत. म्हणून मी नुसतं तुरट आहे म्हणून "ठेवा" असं कुणाला सांगत नाही. तुरटपणाच्या मागे फळ तेवढंच दाटीवाटीनं उभं आहे का, मधल्या घोटात पोकळी लागते का, ते बघतो. सुरुवात जोरात, मध्ये काहीच नाही आणि शेवटी नुसतं तुरट, अशी वाइन ठेवू नये.

यातलं भाकीत सगळ्यांचंच चुकतं हेही सांगतो. 1976 ची पॅरिसची ती आंधळी (लेबल झाकून घेतलेली) चाचणी माहिती असेल, स्टीव्हन स्परियरनं घडवून आणलेली, फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला नंबर दिला. तेव्हा फ्रान्समध्ये म्हणाले की ठीक आहे, आत्ता तरुण आहेत म्हणून जिंकल्या, वयात येऊ द्या मग बघू. 2006 मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या आणि पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या, पहिली आली रिज माँते बेलो 1971, जी तीस वर्षांपूर्वी पाचवी होती. आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्सच्याच बरगंडी भागातल्या पांढऱ्या वाइनचं बघा, दहा-पंधरा वर्षं सहज काढणारी म्हणून ख्याती, पण 1996 च्या सालापासून पुढे कित्येक बाटल्या पाच-सात वर्षांतच पिवळ्याजर्द होऊन सफरचंद काळं पडल्यासारख्या निघायला लागल्या, एकाच पेटीतली एक बाटली सुंदर आणि शेजारची मेलेली.

बाकी प्रकार भरभर सांगतो. जर्मनीतल्या मोझेलची गोडसर रिसलिंग, अल्कोहोल आठ टक्क्यांच्या आसपास, टॅनिन शून्य, तरी तीस वर्षं काढते, कारण आंबटपणा आणि साखर. बोर्दोमधल्या सोटर्नची गोड वाइन तर त्याहून पुढे, तिथल्याच शातो डिकेमची 1811 ची बाटली 2011 मध्ये 75,000 पौंडांना विकली गेली. इटलीची लाल बारोलो कायद्यानंच 38 महिने मुरवून बाहेर येते आणि तरी पहिली काही वर्षं हिरड्या सोलते. पोर्तुगालच्या व्हिंटेज पोर्टला आंबताना मध्येच द्राक्षाचं स्पिरिट घालून थांबवतात आणि ती वीस-तीस वर्षं ठेवायचीच असते, पण गोव्याहून येताना सगळे घेऊन येतात ती पोर्ट वाइन वेगळी, ती दोन-चार महिन्यांत संपवा, तिच्यात मुरण्यासारखं काही नाही. मदिरा (पोर्तुगालच्या त्या नावाच्या बेटावरची वाइन, आपली मदिरा नव्हे) तर बनवतानाच तापवतात, स्वस्त प्रकाराला तीन महिने पंचेचाळीस-पन्नास अंशांवर, त्यामुळे तिला पुढे काहीच होत नाही, आपल्याकडच्या माळ्यावर ठेवण्यालायक जगात तेवढी एकच वाइन असेल.

माळ्यावरून आठवलं. मी सेलरमध्ये असताना चांगल्या शिराझच्या चार बाटल्या पुण्याला घरी आणल्या, हुशारीनं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आडव्या ठेवल्या, अंधार आहे शांतता आहे म्हटलं. दोन उन्हाळे गेले. मित्राच्या वास्तुशांतीनंतरच्या पार्टीत मोठ्या ऐटीत काढल्या तर बूच एक नखभर वर आलेलं, मानेवरून चिकट ओघळ सुकून चादरीला डाग. उघडली तर करपलेला जॅम आणि शिजवलेले मनुके. चारही. वायनरीचा काही दोष नव्हता, मे महिन्यात माळ्यावर चाळीस अंश होत असणार, तिथं वाइन मुरत नाही, शिजते. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुप्पट वेगानं होतात, आणि नुसत्या वेगानं नाही तर वेगळ्याच होतात, म्हणजे "गरम जागी ठेवून लवकर मुरवली" असला प्रकार नसतो.

तर नाशिकच्या शिराझबद्दल. आपल्याकडे वेलीची दोन वेळा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता दुसरी, आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. युरोपात द्राक्ष पिकत जातं तसा शरद ऋतू येतो आणि हवा थंड होत जाते. आपलं उलट, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतून सुरुवात आणि पिकता पिकता ऊन वाढत जातं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर झपाट्यानं चढते, आंबटपणा पडतो, आणि साल-बिया पूर्ण पिकायच्या आत तोडायची वेळ येते. चांगले वाइनमेकर यातून वाट काढतात, पीक कमी घेतात, लवकर तोडतात, टार्टारिक ॲसिडनं आंबटपणा सावरतात, आणि गेल्या पंधरा वर्षांत दर्जा खूप वर आलाय यात शंका नाही. पण माझ्या अनुभवात आपल्या रिझर्व्ह लाल वाइनचा सुंदर काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या वर्षाचा. तुमची 2021 ची त्या टोकाला आलीय, ती काढा आता. मटणाचा रस्सा असेल त्या दिवशी, पण तिखट जरा बेतानं, कारण तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही जास्त झोंबतात.

आता मुख्य बाटली. 2016 हे बोर्दोचं फार चांगलं साल, सुरुवातीचे महिने ओले आणि मग लांबलचक कोरडा उन्हाळा, त्यामुळे टॅनिन भरपूर तरी आंबटपणा ताजा, म्हणजे मुरायला लागतं ते दोन्ही आहे. पण ओ-मेडोक हा मोठा भाग आहे, तिथं 1855 च्या वर्गवारीतले मोजके पाच शातो आहेत आणि बाकी शेकडो साधे. लेबलवर ग्रां क्रू क्लासे, म्हणजे त्या वर्गवारीतली, असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर थंड जागी पंचवीस वर्षं होऊ शकतात, मी पैज लावणार नाही पण होऊ शकतात. क्रू बुर्ज्वा (त्या वर्गवारीबाहेरचा, खालचा दर्जा) असेल किंवा नुसतंच नाव असेल तर माझ्या अंदाजानं दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान ती सगळ्यात छान असेल आणि 2041 ला तुम्ही भावाला फोन करून खोटं कौतुक कराल.

हा अंदाज बाटली न उघडता आहे. म्हणून शक्य असेल तर भावाला सांगा पुढच्या खेपेला तीच 2016 ची आणखी एक मिळाली तर आण (विमानतळावर दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे दोन बाटल्या सहज बसतात, दीड लिटरची मॅग्नम मिळाली तर आणखीच छान, मोठ्या बाटलीत वाइन सावकाश मुरते). मग एक उघडा आणि हे करा. पहिल्या दिवशी एक ग्लास ओता, चाखा, सेकंद मोजा, लिहून ठेवा, बूच लावून स्वयंपाकघरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा एक ग्लास, तिसऱ्या दिवशी पुन्हा. हवा लागल्यावर दुसऱ्या दिवशी ती जास्त उलगडली, जांभूळ अजून जागेवर आहे आणि सुपारी मऊ झालीय तर दुसरी बाटली आणखी आठ-दहा वर्षं निर्धास्त ठेवा. तशीच राहिली तर दोन-चार वर्षं. दुसऱ्याच दिवशी फळ गायब आणि नुसतं आंबट पाणी उरलं तर दुसरी पुढच्या सणाला काढा. शास्त्र म्हणून कुणी छापणार नाही हे, पण मी ज्या ज्या वाइनमेकरबरोबर काम केलं ते सगळे गुपचूप हेच करतात.

एकच बाटली असेल तर दहाव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या मध्ये कधीतरी. तोवर ठेवायची कुठे? बारा-तेरा अंश, अंधार, आडवी म्हणजे बूच ओलं राहतं, जवळ कांदे-फिनेल असलं काही नको. वाइन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या खणात टाका. लोक म्हणतील चार अंशांवर वाइन मरते. मरत नाही, झोपते, फार हळू मुरते, आणि वर्षानुवर्षं कोरड्या हवेत बूच सुकायची थोडी भीती असते म्हणून पिशवीत गुंडाळा. माळ्यापेक्षा लाखपट बरं. तुमच्या गावात कुणाच्या ओळखीनं एखाद्या सेलरमध्ये कोपरा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

उघडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल. बूच जुनं झालेलं असतं, मोडलं तर घाबरू नका, चहाच्या गाळणीतून ओता. एक-दीड तास आधी एखाद्या काचेच्या जगमध्ये सावकाश ओतून ठेवा, शेवटचं बोटभर गाळासकट बाटलीतच राहू द्या. पहिला वास बंद न् कुबट आला तरी वीस मिनिटं धीर धरा, बऱ्याचदा मोकळी होते. गोणपाट आलं तर मात्र नाही होणार.

आणि सोव्हिनॉन ब्लाँ राहिली की. ती तक्कू आहे, तिला कुठल्याही वाढदिवसाची वाट बघायला लावू नका, येत्या रविवारी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि तळलेल्या बोंबलाबरोबर काढा, पेरू सापडतो का ते कळवा.